‘तंबाखू लागली’ : एका जुन्या विषाची नवी बाटली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. गेल्या दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, हात धजत नव्हता. कारण यातला थोडा भाग इतिहासाचा आहे आणि थोडा आमच्या घरचा.

आमच्या कागल-निपाणी पट्ट्यात ‘तंबाखू लागली’ हा शब्द लहान पोराला पण माहीत असतो. नव्यानं चिमूट लावणाऱ्याला घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, पोटात ढवळतं, डोळ्यापुढं अंधारी येते. मग कुणीतरी हसत गूळ-पाणी आणून देतं, पारावर आडवं करतं, तासाभरात गडी उठून बसतो. वखारीत तंबाखू झाडणाऱ्या बायकांना सुद्धा सुरुवातीचे दिवस हा त्रास व्हायचा. माझी एक आत्या वखारीत जायची. ती म्हणायची, पहिला आठवडा नुसत्या ओकाऱ्या, मग अंगात मुरते.

आम्ही याला गंमत समजत होतो. मी स्वतः तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तरी मला पण ते गमतीतच धरायची सवय होती. खरं म्हणजे ही निकोटिनची विषबाधाच, फक्त सौम्य. वैद्यकात ओल्या तंबाखूच्या पानांमुळे तोडणीच्या मजुरांना होणाऱ्या आजाराची नोंद १९७० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडातून झाली. पानावर दव असलं की निकोटिन त्यात उतरतं आणि कातडीतून सरळ अंगात जातं. आपल्याकडे गुजरातेतल्या तंबाखू मजुरांवर असेच अभ्यास झाले. म्हणजे आत्याच्या ओकाऱ्यांना शास्त्रीय नाव मिळालं, एवढंच.

आता थोडं मागं जाऊ.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजातून आली हे शाळेत वाचलेलं असतं. ती उत्तरेत पोचली मात्र आपल्या दख्खनमधून. असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला गेला होता. परतताना, १६०४-०५ च्या सुमारास, त्यानं बादशहासाठी तंबाखू आणि एक जडावाचा हुक्का नेला. अकबरानं दोनचार झुरके घेतले. दरबारच्या हकिमानं हरकत घेतली की या वनस्पतीबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, परीक्षा न केलेली वस्तू हुजूरांनी घेऊ नये. हकिमाचं कुणी ऐकलं नाही. पुढे जहांगिरानं १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली ते आपल्या प्रत्येक चौकातली टपरी सांगेल.

युरोपात त्याच काळात तंबाखू म्हणजे औषध होतं. झां निको हा फ्रान्सचा पोर्तुगालमधला वकील. त्यानं १५६० च्या सुमारास ती फ्रान्सच्या दरबारात पाठवली, म्हणून त्याचं नाव वनस्पतीला आणि पुढे विषाला चिकटलं. आता मजा बघा. १७७४ साली लंडनमध्ये बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. आजच्या तातडीच्या वैद्यकीय सेवेची जी काही पूर्वज मंडळी आहेत त्यात तिचं नाव घ्यावं लागतं. तर त्यांच्या प्रथमोपचाराच्या पेटीत एक भाता असायचा, आणि त्यानं बुडालेल्या माणसाच्या गुदद्वारातून पोटात तंबाखूचा धूर भरायचे! आत ऊब जाईल, जीव जागा होईल, ही कल्पना. माणूस वाचवायच्या पेटीतच विष ठेवलेलं. १८११ साली बेंजामिन ब्रोडी नावाच्या शल्यवैद्यानं जनावरांवर प्रयोग करून दाखवलं की तंबाखूच्या काढ्यानं हृदय बंद पडतं. हळूहळू तो भाता पेटीतून गेला.

१८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि रायमान या दोघांनी तंबाखूतून शुद्ध निकोटिन वेगळं केलं. तेलकट द्रव, आधी जवळपास बिनरंगी, हवेत ठेवलं की तपकिरी होत जाणारा. पानात होतं तोवर ते ‘लागत’ होतं. बाटलीत आल्यावर काय होऊ शकतं हे कळायला बावीस वर्षं लागली, आणि ती गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायचो. पोरं शेवटच्या बाकापर्यंत गप्प बसायची.

बेल्जियममध्ये बित्रमाँ नावाची एक गढी. तिथला काउंट इपोलित द बोकार्मे कर्जात बुडालेला. बायको लिदी, तिचा भाऊ ग्युस्ताव्ह. ग्युस्ताव्हचा एक पाय कापलेला, तब्येत नाजूक, पण बापाची बरीच मालमत्ता त्याच्याकडे. तो बिनलग्नाचा गेला तर सगळं बहिणीकडे येणार, असा या दोघांचा हिशेब. आणि त्यानं जाहीर केलं की मी लग्न करतोय.

२० नोव्हेंबर १८५०. ग्युस्ताव्ह बहिणीकडे जेवायला आला. त्या दिवशी नोकरांना जेवणघरापासून लांब ठेवलेलं. संध्याकाळी आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ग्युस्ताव्ह जमिनीवर मेलेला. काउंटनं त्याच्या तोंडात व्हिनेगार ओतायला लावलं, अंगावरचे कपडे लगेच धुवायला पाठवले, लाकडी जमीन खरवडून घेतली. सांगितलं काय, तर झटका आला.

तपास करणाऱ्या न्यायाधीशाला तोंडातले भाजल्यासारखे डाग खटकले. त्यानं अवयव अल्कोहोलात घालून ब्रुसेल्सला झां सर्व्हे स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवले. त्या काळी आर्सेनिक शोधता येत होतं, पण वनस्पतीतली विषं मेल्यानंतर शरीरात शोधता येत नव्हती. पॅरिसचा ओर्फिला, विषशास्त्राचा त्या वेळचा सगळ्यात मोठा माणूस, त्यानं सुद्धा हात टेकले होते. काउंटनं विष निवडलं ते याच भरवशावर. स्तास महिनोन्‌महिने बसला. अल्कोहोल, पाणी, ईथर, परत अल्कोहोल, असं धूत आणि गाळत शेवटी त्याच्याकडे एक तेलकट थेंब उरला. वास तंबाखूचा. चवीला जळजळीत. (हो, त्या काळी चव घेऊन बघायचे.)

इकडे गढीत तपास चालूच होता. काउंटनं खोटं नाव सांगून एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून निकोटिन काढायची कृती शिकून घेतली होती. हे वाचलं की मी नेहमी अस्वस्थ व्हायचो, शिकवणाऱ्याला काय कल्पना असणार! उपकरणं घरात दडवलेली सापडली. बागेत पुरलेली मांजरं आणि बदकं सापडली, ज्यांच्यावर त्यानं आधी करून बघितलं होतं. १९ जुलै १८५१ ला माँस शहरात काउंटचा शिरच्छेद झाला. लिदी सुटली. स्तासची पद्धत मात्र राहिली. पुढे ओट्टोनं तिच्यात सुधारणा केली, आणि आपल्याकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत व्हिसेरा जातो तेव्हा आज पण ‘स्तास-ओट्टो’ हे नाव घेतलं जातं.

विष शरीरात करतं काय, हे कळायला आणखी अर्धं शतक गेलं. केंब्रिजला लँग्ली नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. १८८९ मध्ये त्यानं आणि डिकिन्सननं नसांच्या गाठींवर निकोटिन लावून बघितलं. आधी नस चेकाळते, मग मुकी होते. १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे आलटून पालटून लावत तो या निष्कर्षाला आला की पेशीवर औषध पकडणारी काहीतरी ‘ग्रहण करणारी’ वस्तू असली पाहिजे. आज ज्याला रिसेप्टर म्हणतात, त्या कल्पनेच्या मुळाशी निकोटिन आहे. हे ‘आधी चेकाळणं, मग मुकं होणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात निकोटिन शेतात गेलं. अमेरिकेत चाळीस टक्क्यांचं निकोटिन सल्फेट बागेवर मारायला सर्रास मिळायचं. आपल्याकडे त्याच्या वापरावर बंदी आली, फक्त निर्यातीसाठी बनवायची मुभा राहिली. तरी तंबाखू उकळून फवारायची सवय शेतकऱ्याला आहेच. नैसर्गिक शेतीवाल्यांच्या अग्निअस्त्रात गोमूत्र, मिरची, लसणाबरोबर तंबाखू असतेच. नैसर्गिक आहे म्हणून उघड्या हातानं ढवळणारे माझ्या ओळखीत चार जण तरी आहेत. त्यांनी हे वाचावं.

आणि मग २००३. चीनमधला होन लिक हा औषधशास्त्रज्ञ. स्वतः दणकून सिगरेट ओढणारा. त्यानं द्रवरूप निकोटिनची वाफ करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी ते बाजारात आलं. अशी कल्पना १९६० च्या दशकात हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन माणसानं पण पेटंट केली होती, पण त्यात निकोटिनच नव्हतं, आणि ती चालली नाही. (यावरून काय समजायचं ते समजा.) सिगरेट सोडवायचं साधन म्हणून आलेली वस्तू पाच-सात वर्षांत आंबा, पुदिना, च्युइंगगमच्या वासात कॉलेजच्या पोरांच्या खिशात गेली.

इथं एक बारीक रसायन आहे. आपण तंबाखूला चुना लावतो तो उगीच नाही. चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून झटकन रक्तात जातं. व्हेपवाल्यांनी उलटं केलं. निकोटिनला आम्ल जोडून त्याचं मीठ बनवलं. त्यानं घशाला चरचरत नाही. चरचरत नाही म्हटल्यावर मिलिलिटरमागं ५० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन घातलं तरी ओढणाऱ्याला सोसतं. सिगरेटमध्ये निकोटिन साधारण १० ते १५ मिलिग्रॅम असतं, त्यातलं एक-दोन मिलिग्रॅमच अंगात जातं. आणि ३० मिलिलिटरच्या बाटलीत? ३० गुणिले ५०. दीड हजार मिलिग्रॅम. वास आंब्याचा.

आता घरचं.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, माझा धाकटा मुलगा पुण्याहून आला होता. मुलगी पण आली होती, तिची पोर दोन वर्षांची, वजन अकरा किलो. मुलाची बॅग आतल्या खोलीत. दुपारी पोर खोलीतून आली ती हनुवटी पुसत. फ्रॉकला आंब्याचा वास. आम्हाला वाटलं बर्फी खाल्ली. दहा मिनिटांत ओकली. मग परत. तोंडातून लाळ थांबेना, अंग घामानं गार, चेहरा चुन्यासारखा, उभी राहिली की झोकांडी. आमच्या सौ. मिठाचं पाणी घेऊन धावल्या, ते कसंबसं थांबवलं. मुलानं खोलीत जाऊन बॅग बघितली आणि परत आला तेव्हा त्याचा पण चेहरा पांढरा.

गाडीत त्यानं मला हळूच सांगितलं. मी म्हणालो, गप्प राहा.

हे मी लिहितोय कारण ते खरं आहे. माझ्या डोक्यात काय होतं? बंदीची वस्तू, पोलीस केस, पोराची नोकरी, गावात चर्चा. तरुण डॉक्टरनं विचारलं, “काका, काय प्यायली?” मी, तीस वर्षं बोकार्मेची गोष्ट सांगणारा माणूस, म्हणालो, “माहीत नाही, परसात खेळत होती.”

डॉक्टरनं लाळ बघितली, घाम बघितला, दंडाचे फडफडणारे स्नायू बघितले आणि विचारलं, “घरात फवारणीचं औषध आहे?” आपल्या भागात दुसरं काय मनात येणार! कीटकनाशकाची विषबाधा दिसते अशीच. त्यात आणि निकोटिनमध्ये घोटाळा होणं साहजिक आहे, दोन्ही विषांनी शेवटी नसांच्या त्याच खिडक्या चेकाळतात. त्यानं नर्सला अॅट्रोपिन भरायला सांगितलं. तेवढ्यात माझ्या मुलीनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिनं ती घरातून निघतानाच भावाच्या बॅगेतून उचलली होती. आमच्या दोघांकडं तिनं बघितलं पण नाही.

डॉक्टरनं लेबल वाचलं, सिरिंज बाजूला ठेवली, आणि कामाची दिशा बदलली. पोरीचा फ्रॉक काढला, हातमोजे घालून हनुवटी, मान, छाती भरपूर पाण्यानं धुतली. सलाईन, मॉनिटर, ऑक्सिजन तयार. अॅट्रोपिन हाताशी, पण ठोके मंदावले किंवा लाळेनं श्वास अडला तरच. झटका आला तर त्याचं इंजेक्शन वेगळं. मग त्यानं दिल्लीला एम्सच्या विषमाहिती केंद्राला फोन लावला.

मी विचारलं, उतारा काय? तो म्हणाला, “नाही हो काका, याला उतारा नाही. श्वास आणि नाडी सांभाळायची, बाकी यकृत करतं.” निकोटिनचा अंमल साधारण दोन तासांत निम्मा होतो. पण लँग्लीचे ते दोन टप्पे आठवा. पहिल्या तासात उलट्या, घाम, धडधड, थरथर, कधी झटके. मग अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत केव्हाही उलटी चक्रं : नाडी मंद, दाब खाली, स्नायू ढिले, आणि श्वासाचे स्नायू सुद्धा. म्हणजे पोर शांत झाली म्हणून घरी न्यावी, तर तीच वेळ घाताची असू शकते. अशा वेळी कृत्रिम श्वास देणारं कुणी जवळ असलं तर माणूस वाचतो, कारण विष उतरेपर्यंतचाच प्रश्न असतो. आम्ही रात्रभर तो मॉनिटर बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं बिस्किट मागितलं.

पोलीस केस झाली का? विषबाधा म्हटल्यावर एमएलसीची नोंद होतेच, ती कीटकनाशक म्हणून झाली असती तरी झाली असती. एक हवालदार आले, दहा मिनिटांत जबाब घेऊन गेले. त्या दहा मिनिटांच्या भीतीपायी मी पोरीच्या जिवाशी खेळलो होतो.

डोसबद्दल एक सांगतो, कारण माझी पण समजूत चुकीची होती. पुस्तकांत शंभर वर्षं लिहिलेलं होतं की ६० मिलिग्रॅम निकोटिननं मोठा माणूस मरतो. ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठातल्या बर्न्ड मायर यांनी या आकड्याचं मूळ शोधलं. तो निघाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या व्हिएन्नातल्या काही स्वप्रयोगांवरून, तिथून १९०६ च्या कोबर्टच्या ग्रंथात आला आणि मग सगळे एकमेकांचं बघून लिहीत गेले. मायर यांच्या मते मोठ्यांसाठी खरा आकडा अर्ध्या ग्रॅमच्या वर असावा. याचं एक कारण म्हणजे माणूस ओकून बरंच बाहेर टाकतो. पण हे वाचून कुणी निश्चिंत होऊ नका. लहान मुलाला एक-दोन मिलिग्रॅममध्ये सुद्धा लक्षणं दिसतात, आणि बाटलीत दीड हजार आहेत हे वर आलंच आहे.

अमेरिकेचे आकडे बघा. तिथल्या विषमाहिती केंद्रांना ई-सिगरेटबद्दल सप्टेंबर २०१० मध्ये महिन्याला एक फोन यायचा, फेब्रुवारी २०१४ मध्ये २१५. निम्म्याहून जास्त फोन पाच वर्षांखालच्या मुलांबद्दलचे. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वर्षाचं एक मूल गेलं. मग तिथं कायदा झाला, २०१६ पासून निकोटिनच्या द्रवाच्या बाटलीला मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं. युरोपनं मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको असं ठरवलं. तरी एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात अमेरिकेत ७,०४३ प्रकरणं नोंदली गेली, दहातली जवळपास नऊ पाच वर्षांखालची. (२०१९ मध्ये तिकडे फुफ्फुसं निकामी होऊन माणसं गेली ते प्रकरण वेगळं. ते मुख्यतः गांजाच्या द्रवातल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटमुळे होतं. दोन्हीची गल्लत करू नये.)

आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं यावर पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा ठेवला तर सहा महिने किंवा ५० हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षेचं वेगळं कलम त्यात नाही. मी या बंदीच्या बाजूचा आहे, आज पण. पण बंदीच्या वस्तूला झाकणाचा नियम नसतो, ताकदीची मर्यादा नसते, आपल्या भाषेत धोक्याची सूचना नसते. आणि मुख्य म्हणजे दवाखान्यात खरं सांगायची भीती असते. सरकारनं जप्तीचे फोटो छापावेत, जरूर छापावेत. त्याबरोबर एवढं पण छापावं की पोराच्या पोटात गेलं तर डॉक्टरला सांगा, सांगणाऱ्याला कुणी धरणार नाही. आमच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना मी हे लेखी दिलं आहे. उत्तर यायचंय.

तोवर माझ्या फलकावर मीच लिहितो. पोटात गेलं तर ओकायला लावू नका, मिठाचं पाणी नको, दूध नको, अॅसिडिटीचं औषध तर अजिबात नको, कारण त्यानं चुन्यासारखंच होतं, निकोटिन जास्त वेगानं शोषलं जातं. अंगावर सांडलं तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार. बेशुद्ध असेल तर कुशीवर करा. १०८ ला फोन. एम्सचं विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७, फोन फुकट आहे, कुणीही करू शकतो. आणि बाटली बरोबर न्या. रिकामी असली तरी न्या.

आमच्या घरी त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. ती सकाळ वॉर्डात गेली, आणि मुलगी भावाशी होळीपर्यंत बोलली नाही. माझ्याशी बोलली, पण तिसऱ्या दिवशी. ती बाटली मी डॉक्टरांकडून मागून घेतली आहे. झाकण नुसतं दाबून बसवलेलं, दोन वर्षांच्या पोरीच्या अंगठ्यानं निघतं. मी स्वतः करून बघितलं.